माणशी चाळीस लिटर

भाचा न्यायला आला तेव्हा मावशी दारातच बसून पायाची नखं कापत होती. आधी तिने त्याला ओळखलंच नाही. अकरा वर्षांत त्याने तोंड दाखवलं नव्हतं, आणि तेवढ्या काळात त्याचं पोट सुटलं होतं नि डोक्यावरचं सगळं गेलं होतं.

“मावशी, तू इथे अशी एकटी राहतेस, आम्हांला झोप लागत नाही गं,” तो म्हणाला.

“कधीपासून?” मावशीने विचारलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला सगळे चादरवाली म्हणायचे. एकतीस वर्षं तिने तिथल्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या. नवरा लग्नानंतर चौथ्याच वर्षी गेला, पदरी मूल नाही. पाठोपाठ बहीण गेली, तेव्हा तिची दोन पोरं, हा भाचा आणि त्याची धाकटी बहीण, हिनेच पोटाला चिमटा घेऊन वाढवली. त्यांची लग्नं झाली आणि येणंजाणं आटत गेलं. छापखान्यामागच्या एका खोलीत मावशी आपली आपण राहत होती.

कामात मात्र ती खमकी. “पहिलं पाणी रक्ताचं, दुसरं साबणाचं आणि तिसरं माणसाचं,” असं नव्या बायकांना दटावायची. तिसऱ्या पाण्यातून न काढलेली चादर आजाऱ्याच्या अंगाला खाजते, म्हणून ती परत टाकायला लावायची. त्या काळी हौदावरची तोटी मनगटाएवढ्या धारेने वाहायची आणि ती बंद करायचं कोणाला सुचतही नसे.

आता सरकारने हिशोब जाहीर केला होता. नद्या-तळी, जमिनीखालचे झरे, सगळं धरून देशात वर्षाकाठी जेवढं नवं पाणी येतं, त्याला माणसांनी भागलं, तर मावशी जन्मली तेव्हा एकाच्या वाट्याला जे यायचं, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला होता. पाणी होतं तेवढंच होतं, तोंडं वाढली होती. मग शहराने डोकी मोजून पाणी द्यायला सुरुवात केली. माणशी दिवसाला चाळीस लिटर. तेवढं झालं की दारातलं मीटर खट्‌कन बंद. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजणी कारकून घरोघर येऊन माणसं डोळ्यांनी पाहून जायचा. एकट्या राहणाऱ्याला वेगळा नळ नाही, त्याने कुठल्या तरी घराच्या कार्डावर नाव घालून घ्यायचं. छापखान्यामागचा नळ कापला गेला, आणि चौथ्या दिवशी भाच्याला मायेचं भरतं आलं.

मावशीला सगळं कळत होतं. तरी ती गेली. न जाऊन पिणार काय?

भाच्याकडे तिला गॅलरीत खाट मिळाली. त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी एक कॅन आणि एक बाटली पुढ्यात ठेवली.

“मावशी, हे तुमचं दिवसाचं. नऊ लिटर. या वयात रोज आंघोळ कशाला हवी? सर्दी व्हायची.”

“आणि उरलेलं एकतीस?”

“घरात दोन पोरी आहेत, मावशी. त्यांचे केस बघितलेत ना?”

महिनाही झाला नाही, तोच भाची रडत दारात उभी. तिचं घरातच ब्यूटी पार्लर होतं. माणसं दोनच, ती आणि नवरा. ऐंशी लिटरमध्ये गिऱ्हाइकांची डोकी धुवायची की घरातली भांडी घासायची?

“लहानपणी मी तिच्या कुशीत झोपायचे. मावशीवर माझा हक्क जास्त,” ती म्हणाली.

“इतकी वर्षं कुठे गेला होता हक्क?” भाचा कडाडला.

“तुझा जिथे गेला होता तिथेच!”

दोघं अगदी हमरीतुमरीवर आली. मावशी गॅलरीत बसून ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यासाठी कोणी भांडत होतं. ते कशापायी चाललंय हे ठाऊक असूनही तिला आतून बरं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली. शेवटी तोड निघाली. भाचीने दर रविवारी भावाला दोन कॅन पाणी द्यायचं आणि मावशीला घेऊन जायचं.

भाचीकडे कॅन सात लिटरचा झाला. पार्लरचे टॉवेल मात्र मावशीच्या हवाली झाले. तिला आनंद झाला. कामाला हात लागले की तिला माणसात आल्यासारखं वाटायचं. पण बादली एकच.

“निदान दुसरं पाणी तरी दे गं. साबण राहतो. बायकांच्या मानेला खाज सुटेल.”

“मावशी, तू कुठल्या जमान्यात आहेस? पिळ आणि वाळत टाक.”

घरात मोरी-संडास एकच, तोही पार्लरच्या खुर्च्यांमागे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मावशीने तिकडे फिरकायचं नाही, असं ठरलं. “गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही.” म्हणून मावशीने सकाळपासून पाणी पिणंच सोडलं. भाचीला ते पसंत पडलं. “मावशीचा काहीच त्रास नाही हो,” असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

चार महिन्यांनी लघवीला आग सुरू झाली, मग रक्त, मग थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी बजावलं, “रोज तीन लिटर नुसतं प्यायला हवं. अंग रोज पुसा, कपडे वेळच्या वेळी बदला.” रिक्षात घरापर्यंत भाचीची मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी चालली होती. ओलं अंथरूण-पांघरूण धुवायचं म्हणजे दिवसाला पंचवीस लिटर कुठे गेले नाहीत.

त्याच आठवड्यात नवा नियम आला. सत्तरीच्या पुढच्या माणसाला वीस लिटर. मावशीला त्र्याहत्तरावं होतं.

भाचीने भावाला फोन लावला. “आता तू ने तिला.”

“का? तुझा हक्क जास्त ना?” त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने मावशीला भाच्याच्या मजल्यापर्यंत चढवलं, पायरीवर बसवलं, पिशवी मांडीवर दिली. “मी खाली रिक्षावाल्याला थांबायला सांगून येते,” म्हणाली आणि गेली ती गेलीच.

मावशीने दार वाजवलं. आत टीव्ही चालू होता. “अगं, मी आहे,” ती म्हणाली. टीव्ही बंद झाला. तिने आणखी दोनदा वाजवलं. आत कोणीतरी दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात गेलं. मग तिने वाजवलं नाही.

दुपारी वरच्या मजल्यावरची बाई उतरली. मावशीचे ओठ पांढरे पडलेले पाहून थबकली. “पाणी देऊ का हो? म्हणजे, आमच्याकडेही पाच माणसं आहेत, पण घोटभर...”

“नको बाई. मला तहान नाही,” मावशी म्हणाली.

संध्याकाळी भाचा कामावरून आला तेव्हा ती पायरीवर आडवी झालेली होती. चारचौघांदेखत तिला ओलांडून जाणं त्याला जमलं नाही, म्हणून तो तिला दवाखान्यात घेऊन गेला.

दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बहीणभाऊ खाटेच्या दोन बाजूंना उभी होती. डॉक्टर गेले.

“आज अठरा तारीख,” भाची हळूच म्हणाली. “कारकून एकदम एक तारखेला येणार.”

“दाखला लगेच नेऊन द्यायचं काही कारण नाही,” भाचा म्हणाला. “निम्मं निम्मं करू.”

मावशीने डोळे उघडले. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. जीभ टाळूला चिकटली होती, तरी शब्द स्पष्ट आले.

“किती तारखेपर्यंत राहू?”

भाची रडायला लागली. भाचा म्हणाला, “काहीतरीच काय बोलतेस, मावशी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पाण्याच्या कचेरीत नोंद एकतीस तारखेला झाली. मधले बारा दिवस तिच्या नावाचं वीस लिटर रोज येत राहिलं. भाचा दिवसाआड रिकामा कॅन घेऊन बहिणीकडे आपला वाटा न्यायला यायचा. एकदा कॅन अर्धाच भरलेला निघाला आणि त्यावरून जिन्यातच दोघांची अशी जुंपली, की आजतागायत बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.