ऐंशी टक्क्यांचा माणूस

धोक्याच्या दिव्यावर टिकली चिकटवणारी बाई अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच निघाली, आणि ती मी. तेव्हा मी पन्नाशीची, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसायची; अक्कल मात्र बिनपगारी रजेवर होती. एक्सरेचे सगळे फोटो साठवणारं कपाटाएवढं मशीन माझ्या बाजूलाच होतं. त्याचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, डोळ्यांना तकलीफ व्हायला लागली, म्हणून कपाळावरची टिकली काढून त्यावर लावून टाकली. पडद्यावर 'जागा संपत आली' असं रोज यायचं. तेही फुलीवर बोट दाबून घालवायची, माशी हाकलावी तसं.

ते मशीन सांभाळणाऱ्या माणसाइतका तापट माणूस औंढ्यापासून वारंगा फाट्यापर्यंत सापडला नसता. ऐंशी टक्के भरलं म्हणजे भरलंच, हा त्याचा धर्म. जेवणाचा डबासुद्धा काठापासून दोन बोटं रिकामा. गोरेगावची जीप खच्चून भरली की दिलेल्या भाड्यावर पाणी सोडून खाली उतरायचा आणि ड्रायव्हरवर खेकसायचा, "काहून रे, आता टपावर मजला बांधून राहिला काय?" पंगतीत वाढप्यानं भाताचा डोंगर केला, तर ताट उचलून त्याच्याच हातात द्यायचा. मशीनमधली जागा वाढवणाऱ्या नव्या डिस्कसाठी त्यानं तीन अर्ज दिले होते. वरचे साहेब म्हणायचे, "चालून राहिलं ना? मग चालू द्या." त्या साहेबांचा राग मला आजही येतो, पण तेव्हा त्यांच्याबरोबर मीही त्याच्यावर फिदीफिदी हसायची.

एकदा तो शेताच्या कामाला आठवडाभर गावी गेला. जाताना बजावलं, "ताई, दिवा पेटला की फोन करा." मी टिकली लावली, ती त्याच आठवड्यात.

सोमवारी तो परतला आणि त्याच सकाळी मशीन अडलं. नवा फोटो साठेना. बाकावर तांड्यावरची एक म्हातारी मोडलेला हात धरून बसलेली. हाडांचे डॉक्टर दुपारी निघणार, ते थेट पुढच्या सोमवारी उगवणार. म्हातारी दर पाच मिनिटांनी विचारायची, "बाई, मपला नंबर कवा?"

मी शहाणपणा पाजळला, "भाऊ, जुने फोटो उडवा की. मेलेल्यांचे तरी!"

त्यानं टिकली नखानं खरवडून माझ्या टेबलावर आपटली. "मेलेल्याईचे? उद्या त्याईची लेकरं मागाया आली, तर तुमची हाडं दाखवू काय?"

मग जागा कुणी खाल्ली ते त्यानं शोधलं. माझ्या लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ! मशीन काही हरवत नाही म्हणून मीच ठेवलेला, आणि ठेवल्याचं विसरून पुन्हा पुन्हा ठेवलेला.

"ताई, एका लेकीचं चारदा लग्न लावलं व्हय?"

"हात लावू नका! घरी दुसरा न्हाई माझ्याकडं!"

अख्ख्या रांगेसमोर आम्ही भांडलो. मला शिव्याशाप देत देतच त्यानं खिशातल्या छोट्या डिस्कवर एक प्रत घेतली, ती नीट चालते का पाहिलं, आणि मगच मशीनवरच्या चारही पुसल्या. म्हातारीचा फोटो निघाला. डॉक्टरांचा एक पाय गाडीत होता. फोटो बघायला तो पाय पुन्हा खाली उतरला.

पुढं तो नांदेडला गेला, तो गेलाच. आता मला कुणी रागवत नाही. काही बिघडवलं की नातवंडं गोडीनं म्हणतात, "राहू दे आजी," आणि माझा जीव एवढासा होतो.

त्या दुपारी मात्र मान खाली घालून मी त्याच्यापुढं उभी होते, आणखी चार शब्द ऐकायच्या तयारीनं. त्यानं ती छोटी डिस्क माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला,

"फोन करायचा होता, ताई. मी वरडतो, पर येतो."