चिंचेचं पाणी, गंजलेली टाकी आणि सर्जापूर रोडचे खड्डे

लोक बाईकवरून लडाखला जातात आणि ब्लॉग लिहितात. मी बंगळुरातल्या बंगळुरात, बाईकची नुसती टाकी घेऊन के. आर. पुरमहून सर्जापूर रोडला गेलो. तीन दिवसांत तीनदा. कंबर अजून दुखतेय, त्यामुळे सुंदर फोटोंची आशा सोडा.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची जुनी टू-स्ट्रोक बाईक बारा वर्षं जिन्याखाली पडून होती. गुरुवारी ते म्हणाले, "सोमवारी भंगारवाला येतोय." माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, मी चालू करतो." आई हसली. अप्पा म्हणाले, "सरी, ठीक आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत गेटातून स्वतःच्या आवाजात आत आली पाहिजे. नाहीतर गेली."

मला एवढा पुळका का, ते फक्त तुम्हाला सांगतो. सहावीत होतो. शाळेत पालकसभा होती आणि बाईंकडे माझ्या उद्योगांची यादी तयार होती. अप्पा पोचूच नयेत म्हणून मी सकाळी टाकीत दोन तांबे पाणी ओतलं. गाडी रस्त्यातच बसली. अप्पा ढकलत घरी आले, म्हणाले "म्हातारी झाली बिचारी," आणि महिन्याभरात स्कूटर घेतली. मी गप्प. तो गंज माझा आहे.

शुक्रवार. गाडी ढकलत शिवण्णा मेस्त्रींकडे नेली. त्यांनी टाकी उतरवली, आत टॉर्च मारला. आत नुसती लाल माती. त्यांनी मूठभर नट टाकले, वरून चिंचेचा कोळ ओतला, भोकं रबराने बंद केली.

"आता हलवायचं. दिवसभर."

"अण्णा, दिवसभर कोण हलवणार?"

"रोड हलवेल. सर्जापूरला जाऊन ये."

अप्पांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर सायकलच्या ट्यूबने टाकी बांधली आणि निघालो.

जाणाऱ्यांसाठी सूचना: सकाळी सातच्या आत महादेवपुरा ओलांडा. मी नऊला निघालो, म्हणून एकाच सिग्नलला इतका वेळ थांबलो की शेजारचा पुण्याचा आयटीवाला ओळखीचा झाला. टाकी खळखळ वाजत होती.

"भावा, आत काय आहे रे?"

"आजीचे दागिने. वाटणी होईपर्यंत फिरवतोय."

तो बिचारा पुढच्या सिग्नलपर्यंत माझ्या मागे राहिला, राखण म्हणून.

पुढे पोलिसाने अडवलं. खरं सांगितलं, चिंचेचं पाणी. त्याने झाकण काढून वास घेतला. "रसम?" मी म्हटलं, "हो सर, मीठ स्वल्प कमी आहे." हसला आणि सोडलं. सर्जापूर रोडला एका गाड्यावर तट्टे इडली खाल्ली, ताटाएवढी, दोनच्या वर जात नाहीत. तिथले खड्डे मात्र एक नंबर. ज्यांना शिव्या घालतो, त्याच खड्ड्यांत मी मुद्दाम स्कूटर घालत होतो.

शनिवारी परत तेच. संध्याकाळी आत बोट फिरवलं तर पत्रा चकचकीत. खुशीत घरी नेली, नळाखाली स्वच्छ धुतली आणि झोपलो. रविवारी सकाळी बघतो तर आत पुन्हा केशरी.

शिवण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "पाण्याने धुतलंस? पाण्यानेच तर मेली होती ही. पहिल्यांदा कोणी घातलं पाणी, देवाला माहीत."

मी खाली बघत नट आणि चिंचेचा कोळ पुन्हा टाकीत घातले.

तिसरी फेरी. इडली नाही, गप्पा नाहीत. सिग्नलला डोळे मिटत होते. परत आल्यावर शेजारच्या अक्काचा हेअर ड्रायर आणून टाकी वाळवली, पेट्रोलने विसळली, बसवली. नवव्या किकला गाडी खोकली आणि चालू झाली. शिवण्णांनी हात जोडले. गाडीला की मला, कळलं नाही.

घराच्या दोन गल्ल्या आधी बंद. उरलेला गंज पेट्रोलच्या जाळीत अडकला असणार. मी ढकलायला लागलो. चढ होता. ही गाडी किती जड आहे ते मला कधी माहीतच नव्हतं. अप्पांनी शाळेच्या रस्त्यावरून घरापर्यंत आणली होती, ऑफिसच्या कपड्यांत.

गेटाच्या अलीकडे कोपऱ्यावर जाळी काढून फुंकली, किक मारली. दोन मिनिटं चालण्याइतका जीव आला. तेवढ्यात आत शिरलो, पूर्ण आवाजात, धुरासकट.

अप्पा बाहेर आले. टाकीवर हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. "गाडीवर बसून आलास ना? मग एवढा घाम?"

'ऊन आहे' म्हणता आलं असतं. संध्याकाळचे सहा वाजले होते, तरी खपवलं असतं मी.

"ढकलत आणली अप्पा. फक्त कोपऱ्यापासून चालू केली. आणि तेव्हा टाकीत पाणी मीच घातलं होतं. पालकसभेच्या दिवशी."

गाडी फट् फट् करून बंद पडली. अप्पांनी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं.

"बाई काय सांगणार होत्या?"

"हेडमास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला होता."

त्यांनी मान फिरवली. हसले की नाही, दिसलं नाही. मग खिशातून फोन काढून भंगारवाल्याला सांगितलं, येऊ नको.

आज अंगाला चिंचेचा वास आहे, मांड्या भरून आल्यात आणि अप्पांचा हुकूम आहे: येत्या रविवारी त्यांना या गाडीवरून त्या शाळेपर्यंत न्यायचं.

"आणि बंद पडली तर?" मी विचारलं.

"तू ढकल. मी बसून राहीन."