खिडकीबाहेरचा सभासद

तेहतीस वर्षे मी मुलांना शिस्त लावली. परंतु निवृत्तीनंतर मानोरा गावात माझ्या घरी दर बुधवारी भरणाऱ्या प्रार्थना-मंडळातील पाच प्रौढांपुढे मी हात टेकले आहेत! किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआपच साठतात.

*

गयाबाईंचेच पाहा. त्या डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करीत असताना स्वयंपाकघरातून, त्यांनीच सगळ्यांच्या चहासाठी ठेवलेले दूध करपल्याचा वास आला.

"प्रभू, दोन मिनिटं थांबजो, दूध उतू चाल्लं!" म्हणत त्या धावल्या. परतून पुन्हा डोळे मिटले. "हं, तर प्रभू, काय म्हनत होती मी..."

"प्रार्थना अर्धवट सोडू नये," मी बजावले.

"सोडली कुठं, बाई? त्याले सांगूनच गेली ना!"

*

आमची रत्नमाला अंगणवाडीत काम करते. तिचे यजमान सुधाकरराव मोटारपंप दुरुस्त करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची आई वारली. मंडळाने एवढी प्रार्थना करूनही वारली. तेव्हापासून ते पत्नीला स्कूटरवर आणून सोडतात आणि स्वतः खिडकीखालच्या ओट्यावर बसतात.

"आत या," मी एकदा म्हटले.

"नाई, बाई. माहं देवासंग बोलनं बंद आहे."

रत्नमालेचे मागणे तेव्हापासून एकच: "प्रभू, यांचा अबोला सुटू दे."

*

शेजारच्या बांगडीवाल्या रहीमचाचांनी ओट्यावरच्या सुधाकररावांना विचारले, "भाई, अंदर कायको नहीं जाते?"

"भांडन आहे."

"किससे?"

सुधाकररावांनी आकाशाकडे बोट दाखवले.

चाचा खो-खो हसले. "झगडा तो घरवालोंसेच होता ना!"

*

एके बुधवारी मी आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना संपवीत होते. 'आमेन' ओठांवर आले, तोच खिडकीतून आवाज आला:

"गयाबाईचा गुडघा राह्यला!"

सगळे मंडळ हसून लोटपोट! रत्नमाला मात्र हसली नाही. तिने डोळे अधिकच घट्ट मिटले.

*

आणि गेल्या मे महिन्यातील ती रणरणती दुपार. स्कूटर आली, मागची सीट रिकामी.

"रत्नमाला कुठे?" मी विचारले.

"ताप आहे तिले, तीन दिवसांपासून."

"मग आपण कसे आलात?"

सुधाकरराव ओट्यावर बसले. आम्ही आत पंखा पूर्ण वेगाने लावला आणि डोळे मिटले. मी रत्नमालेचे नाव घेतले मात्र, खिडकीच्या गजांवर टकटक झाली.

"बाई, पंखा बंद करा! भाइर काई आयकू येत नाई."