उलकान एजेंचा खुला तास

आमच्या शाळेत तपासायला पाहुणे आले की वर्गातली झाडून सगळी मुलं हात वर करतात. येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. शिक्षिकेनं उजवे हात निवडायचे. पाहुणे खूश, आम्ही खूश, चहा आणि तळलेले बोर्सोक झाले की गाडी परत नारिन शहराच्या वाटेला. मीही माझ्या वर्गात हेच करते, उगाच सोवळेपणा कशाला मिरवू?

शेजारच्या वर्गाच्या उलकान एजेंना, म्हणजे उलकान ताईंना, मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर पदव्युत्तर शिक्षणाचं वेड लागलं. आणि विषय काय, तर मुलांना वाचायला कसं शिकवावं! मी म्हटलं, "अहो एजे, मग इतकी वर्षं काय मेंढ्या राखत होतात?"

"मेंढ्याच गं," त्या म्हणाल्या. "ज्या आपणहून घरी पोचल्या त्या पोचल्या. मागं राहिलेलीकडं कुणी वळून पाहिलं?"

मागं राहिलेली म्हणजे त्यांच्या दुसरीच्या वर्गातली सेझिम. बोलायला चुरचुरीत, पण पुस्तक उघडलं की तोंडाला कुलूप. मुख्याध्यापक शैलोबेक आगाय, म्हणजे आमचे मोठे सर, तिला दूरच्या विशेष शाळेत, वसतिगृहात धाडायला निघाले होते. एजेंनी तिला हिवाळाभर शेगडीशेजारी बसवली. मुलं ज्यांनी चुको खेळतात ती मेंढीच्या पायाची हाडं पुढ्यात मांडायची. शब्दातला एक आवाज ऐकू आला की एक हाड पुढं सरकवायचं. आधी आवाज, अक्षर नंतर. भिंतीपलीकडून ती खटखट ऐकून माझं डोकं उठायचं. पण बर्फ वितळेपर्यंत पोरगी वाचायला लागली, अडखळत का होईना.

आगाय कसले ऐकतात! शेवटी एजेंनी त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं: पदवीसाठी एक तास सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचा असतो, त्या खुल्या तासाला विद्यापीठातून परीक्षक येतील, त्यांनी सेझिमचं वाचन ऐकून ठीक म्हटलं तर ती इथंच राहील. नाहीतर शरदात वसतिगृह.

आदल्या दिवशी आगाय स्वतः वर्गात आले आणि हातांची तालीम घेतली. "सेझिम, तू डावा."

"मी तिलाच उठवणार आहे," एजे म्हणाल्या.

"उठवा! तुमची पदवीही बुडवा आणि शाळेचं नाकही कापा." हे सगळं पोरांदेखत, मी दाराशी उभी असताना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलते कोण?

तास सुरू झाला. परीक्षक दामिरा बाई मागच्या बाकावर, दाराशी आगाय, त्यांच्या शेजारी मी. हरवलेल्या शिंगराची गोष्ट होती. "कोण वाचेल?" एजेंनी विचारलं. सगळे हात वर. सेझिमचा डावा.

मग तो डावा खाली आला आणि उजवा वर गेला.

एजेंनी पाहिलं. त्यांची नजर तिच्यावर थांबली, आगायांनी दारातून 'नको' म्हणून मान हलवली, आणि एजे म्हणाल्या, "एरनाझार, तू वाच."

एरनाझारनं सुसाट वाचलं. पुढच्या परिच्छेदाला पुन्हा तेच. सेझिमचा उजवा हात ताठ, आणि एजेंनी बेगायिमला उठवलं. अहो, काय करताय हे! हिवाळाभर रक्त आटवलंत ते कशासाठी? मला ओरडावंसं वाटत होतं. गोष्टीचं शेवटचं पान उरलं. सेझिमनं दुखणारा हात दुसऱ्या हातानं तोलून धरला. एजेंनी पुन्हा एरनाझारकडं पाहिलं.

"ती खिडकीजवळची मुलगी केव्हाची हात धरून बसलीय," दामिरा बाई म्हणाल्या. "तिला का नाही?"

"तिची जरा तब्येत बरी नसते," आगाय घाईनं म्हणाले.

"हात तर ठणठणीत दिसतोय."

सेझिम उभी राहिली. पहिल्याच शब्दाला अडली. बाकावर तिचं बोट नसलेली हाडं सरकवायला लागलं. शब्द निघाला. मग दुसरा. तिसऱ्याला ती थांबली ती थांबलीच. एरनाझारनं हळूच सांगायला तोंड उघडलं, तशी ती फिस्कारली, "सांगू नकोस रे!" आणि तिनं तो शब्द स्वतःच काढला. सगळं पान तिनं एकटीनं संपवलं.

"शिंगरू परत का आलं?" दामिरा बाईंनी विचारलं.

"आई हाका मारत होती म्हणून. पुस्तकात लिहिलं नाहीये, पण मारल्या असणार."

बाई हसल्या. आगायांना म्हणाल्या, "हिला कुठं पाठवायची गरज नाही. वाचते ती." एजेंनाही पास केलं. आगाय लगेच सगळ्यांना चहाला घेऊन गेले, जणू सगळं त्यांनीच घडवलं होतं.

एजे काही चहाला गेल्या नाहीत. रिकाम्या वर्गात बसून राहिल्या. सेझिम दप्तर घेऊन परत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"एजे, माझा हात तुम्हाला दिसला नाही?"

थाप मारायला किती सोपं होतं. मी असते तर मारली असती.

"दिसला गं," एजे म्हणाल्या. "तिन्ही वेळा दिसला. तुला येणार नाही असं वाटलं मला."

सेझिमचे डोळे भरून आले, आणि एजेंचेही. मग तिनं दप्तर पाठीला लावलं आणि घरी गेली.