चार दवाखान्यांची एक पेटी

आई दुसऱ्यांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, निंदायला जायची. मी आठवीत असताना निंदता निंदताच तिला साप चावला. बाबांनी तिला ऑटोत घालून गुडीहत्नूरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं सापाच्या विषावरची लस नव्हती. आदिलाबाद गाठेपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. आई वाचली, पण पायाची दोन बोटं काढावी लागली. दोन हंगाम ती कामाला जाऊ शकली नाही. एकट्या बाबांच्या मजुरीवर आम्ही पाच जणांनी ते दिवस काढले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते, त्यात लाजायचं काय? बी.फार्मसी झाल्यावर गुडीहत्नूरलाच एका दहा खाटांच्या दवाखान्यात औषधांचं स्टोअर माझ्या हाती आलं. पहिल्याच दिवशी फ्रिज उघडला. सापाची लस नव्हती.

डॉक्टरांचं कारण खोटं नव्हतं. डीलर पूर्ण पेटीच द्यायचा, आणि छोट्या दवाखान्यात ती संपायच्या आधी तिची मुदत संपायची. आसपासच्या तीन दवाखान्यांचीही हीच रड. मी म्हटलं, चौघांनी मिळून एक पेटी मागवू, वाटून ठेवू. चारही डॉक्टर बसले आणि एकाच गोष्टीवर अडले. आपल्या वाट्याची लस दुसऱ्यानं वापरली तर?

घरी आईनं विचारलं, "काऊन तोंड पाडून बसली?"

मी सांगितलं.

"एवढे शिकेल लोकं, अन् सावड समजत नाही त्यांले? ज्याच्या वावरात तण जास्त, तिथं पयले समदे जातात. मंग तो आपल्या इथं येते. वावर कोनाचं, हे कोन इचारते?"

पुढच्या बैठकीत मी हेच सांगितलं. बाजारहत्नूरचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, "पोरी, तू औषधं सांभाळून राह्यली का बचतगट चालवून राह्यली?"

"बचतगटातल्या बाया एकमेकींवर भरवसा ठेवतात, सर. तुमी तर डॉक्टर लोकं."

बाकीचे तिघं हसले. म्हातारे डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी होकार दिला. ठरलं ते असं: पेशंट ज्याच्याकडे, लस त्याची, वापरलेली त्यानं पुढच्या पेटीतल्या आपल्या वाट्यातून परत करायची.

पावसाळ्यात निंदताना साप चावलेली एक बाई आली. आमच्या वाट्याच्या बाटल्या दुपारपर्यंत संपल्या, तरी विषामुळं तिचं रक्त गोठत नव्हतं. मी बाजारहत्नूरला फोन लावला. सगळं ऐकून म्हातारे डॉक्टर म्हणाले, "फोन ठेव. निघालो मी."

बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ते स्वतः आले. "परत पाहिजेत बरं का मले," म्हणाले, आणि थेट पेशंटकडे गेले.

संध्याकाळी तपासणीसाठी काचेच्या नळीत घेतलेलं तिचं रक्त गोठलं. नर्सनं नळी उलटी करून मला दाखवली. मी स्टोअरच्या वहीत बाजारहत्नूरला परत करायच्या बाटल्या लिहून ठेवल्या.

आता सलाईन आणि हातमोजेही आम्ही एकत्रच मागवतो. लस नाही म्हणून साप चावलेल्या माणसाला पुढं पाठवणं आमच्या चारही दवाखान्यांत बंद झालं आहे.