सुभेदारकाकांनी धरायला लावलेला दोरा

सुभेदारकाका आज पहाटे गेले.

मी आयुष्यभर भाषणं केली. पण एवढं कमी बोलून एवढं मोठं काम करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

फौजेत त्यांनी वायरलेस सेट दुरुस्त केले. मूळचे साताऱ्याकडचे. निवृत्तीनंतर इथेच, प्रताप नगरमध्ये, आमच्या मागच्या गल्लीत राहिले. काका-काकू दोघंच, मूलबाळ नाही.

माझी मुलगी गार्गी बारावीत होती तेव्हाची गोष्ट.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने स्वतः कम्प्युटर जोडला. एकेक पार्ट निवडून आणला. दुकानदार म्हणाला, "भैया असेंबल कर देगा, बेटा." ही म्हणाली, "नहीं, मैं करूँगी."

आणि केला. चार महिने मस्त चालला.

दसऱ्यानंतर मात्र हँग व्हायला लागला. माउस हलेना, कीबोर्ड ढिम्म. बटण दाबून बंद करायचा, परत चालू करायचा. परत तेच.

गार्गीने रॅम बदलली, हार्ड डिस्क बदलली, विंडोज नव्याने टाकलं. उपयोग शून्य.

आणि "मुलींच्या हातात अवजारं द्या!" असं व्यासपीठावरून गरजून टाळ्या घेणारा मी तिला काय म्हणालो?

"जमत नाही तर करायला कशाला गेलीस? कंपनीचा तयार आणला असता."

तिने स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये टाकला.

"इंजिनिअरिंगचा फॉर्म मी नाही भरणार, बाबा."

मुदत संपायला चार दिवस होते. शेवटी बायकोने सुभेदारकाकांना बोलावलं.

काका आले, खुर्ची ओढून बसले. मशीनला हातसुद्धा लावला नाही.

"किती मिन्टांनी अडकतंय?"

आमच्यापैकी कुणी मोजलंच नव्हतं.

"काय काय बदललंस पोरी?"

"सगळं. मतलब... रॅम, डिस्क, विंडोज."

"एकाच टायमाला?"

"हो."

"मग कशानं काय झालं ते कळायचं कसं? वही आण."

हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मशीन चालू करायला सांगितलं. बावीस मिनिटांनी हँग. लगेच परत चालू केलं, सहा मिनिटांत हँग. मग तासभर बंद ठेवायला लावलं. या वेळी एकोणीस मिनिटं.

मला राहवेना. "काका, उघडून बघूया की."

"तुमी भाषणाला हुभं ऱ्हायच्या आधी म्होरं कोण बसलंय ते बघता का न्हाई? मग थांबा की."

गार्गी तोंड दाबून हसली. कित्येक दिवसांनी.

काकांनी वहीतले तीन आकडे तिच्यासमोर धरले. "काय दिसतंय?"

ती बघत राहिली. "थंड असला की जास्त चालतो... काका, गरम होतोय!"

"आता कुठं ते शोध."

बायकोच्या शिवणाच्या डब्यातून एक दोरा मागवला. वीतभर. "जिथनं जिथनं वारा भाईर पडतो, तिथं धर."

मागच्या पंख्यापाशी दोरा फडफडला. पॉवर सप्लायच्या जाळीपाशी धरला, तर सरळ लोंबकळत राहिला.

एवढी पुस्तकं वाचली मी, पण ज्ञान म्हणजे काय ते त्या लोंबकळणाऱ्या दोऱ्यात पाहिलं.

"हा पंखा बंद आहे!" गार्गी ओरडली.

प्लग काढून कॅबिनेटची बाजू उघडली. तिने टॉर्च मारला.

"काका... चावल?"

पॉवर सप्लायच्या पंख्यात तांदळाचे तीन दाणे. कुंकवाने लाल झालेले. एक बरोब्बर पात्याच्या कडेला अडकलेला.

"अक्षता?" बायको म्हणाली. "आमच्या घरात? ह्यांच्या राज्यात? मी नाही हं टाकल्या!"

देवापुढे हात न जोडणारा माणूस म्हणून तुम्ही मला ओळखता. घरीही तेच.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

चिमट्याने दाणे काढले, पेपरवर ठेवले, चहा मागितला. मशीनला दिला होता तसाच मलाही वेळ देत होते ते. मला तेव्हाच ते उमगलं.

"मी टाकल्या," मी म्हणालो.

दसऱ्याला घरात मी एकटाच होतो. तिने जोडलेलं ते यंत्र चालू होतं, आतला निळा दिवा लागलेला. माझी आई दसऱ्याला वडिलांच्या हत्यारांच्या पेटीला हळदकुंकू लावायची. माझाही हात गेला. नंतर कुंकू पुसून टाकलं. अक्षता वरच्या जाळीतून आत गेल्या, ते लक्षातच आलं नाही.

"बाबा, तुम्ही? पूजा? का?"

"तू बनवलंस म्हणून. अभिमान वाटला गं. तुला सांगायचा, तर त्या डब्याला सांगून बसलो."

तिने प्लग लावला, बटण दाबलं. आम्ही चौघं त्या स्क्रीनसमोर बसून राहिलो. वीस मिनिटं. चाळीस. एक तास.

मशीन चालतच राहिलं.

"चोख बांधलंयस," काका तिला म्हणाले. "आता वहीत लिव्ह, काय सापडलं ते."

गार्गीने लिहिलं: फॉल्ट - तांदूळ. कारण - बाबा.

सुभेदारकाका हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्याच संध्याकाळी तिने फॉर्म भरला.

माझी मतं बदललेली नाहीत. मी आजही हात जोडत नाही. पण एखाद्याचं काम आवडलं तर त्याच क्षणी, त्याच्या तोंडावर सांगतो. काकांना मात्र हे कधी नीट सांगितलं नाही. आज इथे लिहितोय, आणि उशीर झालाय हे मला माहीत आहे.

गार्गी बेंगळुरूहून निघाली आहे. काकूंनी सांगितलंय, ती पोहोचल्याशिवाय न्यायचं नाही, आणि पहिला खांदा तिचा.

सकाळपासून दोघातिघांनी विचारलं, "मुलगी खांदा देणार?"

हो, देणार. ज्यांची हरकत असेल त्यांनी काकूंना त्रास देऊ नये. माझ्याकडे यावं.

दुपारी चार वाजता निघू.

थांबा, सुभेदारकाका. तुमची पोर येतेय.