साबणाच्या डब्यातला चार्जर

ऑडिटसाठी आलेल्या पद्मा मॅडमनी प्रश्न विचारला. तुळजाराव सरांनी यंत्र गळ्याला टेकवलं, बटण दाबलं आणि ओठ हलवले. आवाज आला नाही.

त्यांनी बटण सोडून पुन्हा दाबलं. बारीक घुर्र झालं आणि विझलं. मॅडमनी पेन वहीवर आडवं ठेवलं. आमचे प्लांट हेड सेल्वम सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वैदेही, आता तुम्हीच उत्तरं द्या."

सरांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मी बॅटरी टेस्टिंगचं काम करते. गाड्यांचे बॅटरी पॅक आमच्या लॅबमध्ये येतात. आम्ही ते भरतो, रिकामे करतो, तापवतो, गार करतो आणि काय झालं ते लिहून ठेवतो. मी मूळची नांदेडची. तुळजाराव सर लॅबचे प्रमुख होते. त्यांचं घराणं तंजावरकडचं मराठी, आणि त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा कितीतरी जुनी. 'सगळे'ला ते 'अस्के' म्हणत. "मी केलं" न म्हणता "मी केलों" म्हणत. मला 'मा' म्हणत. इथे लेकीसुनांना तमिळमध्ये तसंच म्हणतात. मी कँटीनमध्ये पुस्तक घेऊन बसायचे, तेव्हा समोर येऊन म्हणायचे, "वाच मा, वाच. मी बोलणार नाही." आणि मग अर्धा तास बोलायचे.

पुढे त्यांच्या घशाला कॅन्सर झाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. सहा महिन्यांनी ते कामावर परतले, ते हातात टॉर्चसारखं एक यंत्र घेऊन. ते गळ्याला टेकवलं की कातडीखाली कंप पाठवतं, आणि माणूस ओठांनी आणि जिभेने त्या कंपाचे शब्द करतो. आवाज एकाच पट्टीत येतो, डब्यात भुंगा अडकल्यासारखा. त्यात प्रश्न कुठला आणि विधान कुठलं कळत नाही. म्हणून प्रश्न विचारताना सर भुवया उंचावत.

यंत्राला बोटाएवढी लिथियम-आयन बॅटरी लागते. सरांकडे तशा दोन होत्या. ऑडिटच्या तीन आठवडे आधी त्यांचा परदेशी चार्जर बंद पडला. नवा यायला दीड महिना लागेल, असं विक्रेत्याने कळवलं.

त्याच सुमारास सेल्वम सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे बोलणं इंग्रजी-तमिळमध्ये झालं, मी मराठीत लिहिते आहे.

"ऑडिटमध्ये लॅबच्या प्रमुखाने स्वतः उत्तरं द्यायची असतात. तुळजाराव सरांना दिवसभर जमेल?"

"जमेल."

"जमलं तर चांगलंच. नाही जमलं तर मी त्यांना रेकॉर्ड रूम देतो. तिथे बोलावं लागत नाही. लॅब तुम्ही बघा."

ते वाईट मनाने बोलत नव्हते. पण रेकॉर्ड रूम म्हणजे तळमजल्यावरची फायलींची खोली. सरांना निवृत्तीला तीन वर्षं होती. मी बाहेर आले आणि ठरवलं की चार्जर आपणच करायचा.

लिथियम बॅटरी भरणं हे घागर भरण्यासारखं आहे. आधी नळ पूर्ण सोडायचा. पाणी काठाशी आलं की तो बारीक करत न्यायचा. नळाची धार म्हणजे करंट, काठ म्हणजे चार पूर्णांक दोन व्होल्ट. काठावरून सांडलं तर इथे पाणी नाही, आग असते. हे काम करणारं पोस्टाच्या तिकिटाएवढं सर्किट बोर्ड चेन्नईत रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतं. मी दोन आणली. ती मोठ्या बॅटरीसाठी असतात. सरांची बॅटरी लहान, तिला एवढी धार सोसणार नाही, म्हणून बोर्डावरचा एक रेझिस्टर बदलून करंट एक तृतीयांश केला. बॅटरी धरायला जुन्या इमर्जन्सी लाइटमधल्या स्प्रिंगा काढल्या. डबा म्हणून माझा प्रवासातला साबणाचा डबा घेतला. ऑडिट कारखानाभर फिरत होणार होतं, म्हणून पॉवर बँकेवर चालेल अशी केबल जोडली. भरताना लाल दिवा, भरून झालं की हिरवा.

सरांनी डबा उघडून वास घेतला.

"मैसूरचा साबण," ते म्हणाले. मग भुवया उंचावल्या. "मीटर लावलीस."

"लावला सर. चार पूर्णांक एकोणीसला थांबतो."

"सरि. चाल." सरि म्हणजे ठीक. 'चालेल'चं 'चाल' हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं. बॅटरी वाचवायला ते हल्ली शब्द कापून बोलत.

एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती. डबा रिकामा असतानाही हिरवा दिवा लागायचा. ती या बोर्डांची सवयच आहे, म्हणून मी सोडून दिली.

ऑडिटच्या आधी आयुधपूजा आली. चेन्नईत त्या दिवशी कारखान्यातलं प्रत्येक हत्यार आणि यंत्र धुऊनपुसून त्याला चंदन-कुंकू लावतात, आणि पूजेनंतर विजयादशमीपर्यंत त्याला हात लावत नाहीत. आमच्या लॅबची पूजा सरच करत. वाटीत चंदन कालवायचं आणि अनामिकेने एकेका उपकरणाला टिळा. त्या वर्षी त्यांनी साबणाचा डबाही ओळीत मांडायला सांगितला.

"तो घरी लागेल ना सर? दोन दिवस सुट्टी आहे."

"अस्के ठेव मा. तोही कामाचा." आणि झाकण उघडून त्यांनी डब्याच्या आत चंदन लावलं. वर कुंकू.

सुट्टीत त्यांच्या घरी गोलू बघायला पाहुणे येत होते. नवरात्रात इथे घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाशी बोलावं लागतं. सर दोन्ही बॅटऱ्या संपेपर्यंत बोलले. हे मला नंतर कळलं.

ऑडिटच्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांनी दोन्ही बॅटऱ्या माझ्या हातात दिल्या. मी पहिली डब्यात घातली. लगेच हिरवा दिवा. दुसरी घातली. हिरवा. मला वाटलं, सुट्टीत त्या वापरल्याच नसतील.

"दोन्ही फुल आहेत सर."

त्यांनी भुवया उंचावल्या. तो प्रश्न कुठला होता, ते मला पक्कं माहीत होतं. मी फाइल शोधण्याच्या घाईत होते. मी नुसती होकाराची मान हलवली आणि त्यांनी विश्वास ठेवला.

म्हणून पावणेअकराला, फायली बघून झाल्यावरच्या पहिल्याच प्रश्नाला, तापमानाच्या चेंबरपुढे ते असे उभे होते, यंत्र गळ्याला आणि आवाज नाही. दुसरी बॅटरी घातली, ती दोन वाक्यांत संपली.

मी मीटर आणला. तीन पूर्णांक तीन व्होल्ट. म्हणजे रिकामी. ती डब्यात घातली, हिरवा दिवा लागला. स्प्रिंगांवर मीटर लावला तर चार पूर्णांक दोन. चार्जर ठणठणीत, बॅटरी रिकामी, आणि मध्ये काहीच वाहत नाही. मी डबा उजेडाकडे तिरका केला. दोन्ही स्प्रिंगांच्या टोकांवर वाळलेलं पिवळं चंदन होतं.

या बोर्डाला बॅटरी दिसत नाही. त्याला फक्त करंट दिसतो. करंट अगदी कमी झाला की ते समजतं घागर भरली. चंदनाच्या थराने करंट अडवला होता. बोर्डाच्या लेखी काम झालं होतं.

सरांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि डोळे मिटले. मग ते चेंबरशेजारच्या पांढऱ्या फळ्याकडे गेले आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'कृपया पंधरा मिनिटं. माझी चूक.'

मी म्हणाले, "सर, चूक माझी. मी मोजलं नाही."

त्यांनी 'माझी' पुसून 'आमची' केलं.

सेल्वम सर हळूच म्हणाले, "मॅडम, हवं तर वैदेही पुढे नेतील. त्यांना सगळं येतं."

पद्मा मॅडमनी घड्याळ बघितलं. "मी प्रमुखांना विचारलंय. खुर्ची आहे का?"

मी स्पिरिट आणि कापूस घेऊन स्प्रिंगा पुसल्या, टोकं नेलफाइलने घासली. बॅटरी घातली. लाल दिवा. मीटर लावून करंट पाहिला, मग डब्यापासून हलले नाही. तोवर सर मॅडमना एकेक नोंदवही उघडून बोटाने ओळी दाखवत होते. त्या वाचत होत्या, मान हलवत होत्या. पंधरा मिनिटांत बॅटरी जेमतेम आठवा हिस्सा भरली. मी ती मोजली आणि आकडा सरांना मोठ्याने सांगितला. त्यांनी यंत्र गळ्याला टेकवलं.

"हं. विचारा."

मॅडमनी यादीतला प्रश्न सोडला. "तुमच्या लॅबमधलं उपकरण खोटं सांगत असेल, तर तुम्हाला कसं कळतं?"

"दिव्यावरून कळत नाही," सर म्हणाले. "दुसऱ्या उपकरणाने मोजतो. आज सकाळी मोजलं नाही. म्हणून तुम्ही थांबलात." पुढे म्हणाले, "पूजेला हरकत नाही. जागा चुकली."

"चंदन कोणी लावलं?"

सरांनी भुंग्याच्या त्या सपाट आवाजात, चुकून मराठीतच उत्तर दिलं. "मी लावलों." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मॅडम हसल्या. सरांना आवाज काढून हसता येत नव्हतं, त्यांचे खांदे हलले.

मी दोन्ही बॅटऱ्या आलटूनपालटून भरत दिवसभर साबणाचा डबा घेऊन मागून फिरले. साडेपाचपर्यंत सगळी उत्तरं त्यांनीच दिली.

लॅब पास झाली. एकच त्रुटी निघाली, ती माझ्या नावावर : 'लॅबमध्ये नोंद नसलेलं, घरगुती बनावटीचं उपकरण वापरात.' त्रुटी दूर करायची म्हणजे एकतर उपकरण काढून टाकायचं, नाहीतर त्याची रीतसर नोंद करायची. सरांनी नोंद केली. डब्याला नंबर मिळाला, वर्षातून एकदा तपासणीची तारीख मिळाली. परदेशी चार्जर आला तो त्यांनी घरी ठेवला. रेकॉर्ड रूमचा विषय सेल्वम सरांनी पुन्हा काढला नाही. पुढच्या आयुधपूजेपासून टिळा झाकणावर, बाहेरून.

सर तीन वर्षं त्याच खुर्चीवर बसून निवृत्त झाले. यंदा पोंगलच्या आठवड्यात ते गेले. निवृत्तीनंतर त्यांनी घरी नेलेला डबा त्यांच्या मुलीने मला परत आणून दिला. आत एक बॅटरी होती.

या महिन्यात यादीप्रमाणे डब्याच्या तपासणीची तारीख आली. सेल्वम सरांनी विचारलं, "ते आता कशाला? स्क्रॅप लिहा."

"लिहिते," मी म्हणाले. "पण तारीख आली आहे. आधी मोजते."

बॅटरी घातली. लाल दिवा लागला. दोन तासांनी हिरवा झाला. मी मीटर लावला. चार पूर्णांक एकोणीस. आकडा लिहिला, सही केली. स्क्रॅपच्या रकान्यात काही लिहिलं नाही. पुढच्या वर्षीची तारीख टाकली.

नव्याने येणाऱ्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगते. हिरवा दिवा लागला म्हणजे करंट थांबला, इतकंच कळतं. का थांबला, ते मोजावं लागतं.